दिवा आणि नोंदवही : फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचें चरित्र

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचें नांव ठाऊक नाहीं असा वाचक विरळा. रात्रीं हातांत दिवा घेऊन आजारी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी स्त्री, हें त्यांचें चित्र शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोहोंचलें आहे. हें चित्र खरें आहे, परंतु अपुरें आहे. बाई दिवा घेऊन फिरल्या ते महिने थोडे. लेखणी व नोंदवही घेऊन बसल्या तीं वर्षें मात्र चाळिसांच्या घरांत जातात. त्या दुसऱ्या कामाची हकीकत आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव त्यांस मिळालें. आईबाप इंग्रज व श्रीमंत होते. वडिलांनीं आपल्या दोन्ही मुलींस घरींच लॅटिन, ग्रीक, इतिहास इत्यादि विषय शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सचा ओढा गणिताकडे होता, व तें आईबापांस फारसें रुचत नसे. १८३७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ईश्वर आपणांस त्याच्या सेवेस पाचारण करीत आहे असा तिच्या मनास बोध झाला. ती सेवा कोणती हें उमगण्यास कांहीं वर्षें लागलीं. ती रोग्यांची सेवा होय असें ठरल्यावर घरचा विरोध ओसरण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. त्या काळीं इंग्लंडांत इस्पितळांतील परिचारिकेचें काम हलकें समजलें जात असे, व कुलीन घरच्या मुलीनें तें करावें हें कोणासही मान्य होण्यासारखें नव्हतें. अखेर १८५१ सालीं जर्मनींतील कैसर्सवर्थ येथें पाळक फ्लीडनर ह्यांच्या सेविका-संस्थेंत बाईंनीं तीन महिने राहून शिक्षण घेतलें, व १८५३ सालीं लंडनमधील एका लहान रुग्णालयाची देखरेख त्यांजकडे आली.

पुढच्याच वर्षीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें. कॉन्स्टँटिनोपलसमोर स्कुतारी येथें एका अफाट बराकींत इंग्रज सैन्याचें इस्पितळ होतें. तेथील हाल वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होतांच इंग्लंडांत हाहाकार उडाला. सरकारच्या विनंतीवरून नाइटिंगेलबाई अडतीस परिचारिका घेऊन निघाल्या व ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं स्कुतारीस पोहोंचल्या. तेथें स्वच्छ कपडे नव्हते, पुरेसें अन्न नव्हतें, भांडींकुंडीं नव्हतीं. बाईंनीं कपडे धुण्याची व्यवस्था केली, रोग्यांसाठीं वेगळें स्वयंपाकघर चालविलें, व रात्रीं दिवा घेऊन त्या फिरूं लागल्या. हें सर्व जगास माहीत आहे.

परंतु आणखी एक गोष्ट बाईंच्या नजरेस आली, ती नोंदींची. किती रोगी आले, किती बरे झाले, किती मेले, हें कोणासही नीट सांगतां येईना. निरनिराळ्या वह्यांतील मृत्यूंचे आंकडे एकमेकांशीं जुळत नसत. एकाच आजारास एक डॉक्टर एक नांव देई, दुसरा दुसरें. ज्या घरांत मेलेल्यांची गणतीच होत नाहीं, त्या घरांत मरणाचें कारण कोण शोधणार ?

आतां आमच्या वाचकांनीं येथें थोडें थांबावें, कारण कथेचें मर्म पुढें आहे. बाई आल्या म्हणून मृत्यु लगेच कमी झाले, असें पुष्कळांस वाटतें. तसें झालें नाहीं. बाई व त्यांच्या सोबतिणी रात्रंदिवस झटत असतां त्या हिंवाळ्यांत मृत्यु वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारींत तेथील रोग्यांच्या मृत्यूचें प्रमाण शेकडा ४२ च्याही वर गेलें. मार्चमध्यें सरकारनें पाठविलेलें आरोग्य-मंडळ आलें. बराकीखालचीं तुंबलेलीं गटारें त्यानें धुऊन काढलीं, घाण व मेलेलीं जनावरें हलविलीं, हवा खेळती केली, भिंतींस चुना दिला. त्यानंतर मृत्यूंचें प्रमाण भराभर उतरलें व जूनपर्यंत शेकडा २ च्या सुमारास आलें.

१८५६ सालीं बाई परत आल्या, तेव्हां सारें राष्ट्र त्यांचा जयजयकार करीत होतें. त्यांनीं सत्कार टाळले. त्यांची भेट विल्यम फार ह्या गृहस्थांशीं झाली. हे इंग्लंडच्या जन्ममृत्यु-नोंदणी खात्यांत आंकड्यांचें काम पाहत. दोघांनीं मिळून युद्धांतील नोंदी तपासल्या. १८५५ च्या एकट्या जानेवारींत पूर्वेकडील सैन्यांत जखमांनीं ८३ माणसें मेलीं होतीं, इतर कारणांनीं ३२४, आणि टाळतां येण्याजोग्या सांथीच्या रोगांनीं २,७६१. शत्रूच्या गोळीपेक्षां आपलीच घाण शिपायांस अधिक मारीत होती. आणि ज्या स्कुतारीस बाईंनीं आपलें सर्वस्व वेंचलें, तेथें केवळ शुश्रूषेनें मृत्यु अटळपणें वाढतच गेले व गटारें साफ झाल्यावरच ते उतरले, हेंही त्याच आंकड्यांत लिहिलेलें होतें.

ज्या स्त्रीची कीर्ति त्या इस्पितळावर उभी होती, तिला हे आंकडे झांकून ठेवणें किती सोपें होतें ! बाईंनीं ते झांकले नाहींत. १८५८ सालीं त्यांनीं आपला विस्तृत अहवाल छापविला, व त्यांत मृत्यूंच्या आकृति दिल्या. एक वर्तुळ, त्याच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. सांथीचे मृत्यु निळ्या रंगांत, जखमांचे तांबड्या, बाकीचे काळ्या. ज्या मंत्र्यास आंकड्यांचे रकाने वाचण्याचा कंटाळा, त्यालाही ती आकृति पाहतांच अर्थ कळावा असा हेतु होता. त्याच सालीं लंडनच्या संख्याशास्त्र-संस्थेनें त्यांस सभासद करून घेतलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

१८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत त्यांच्या नांवानें परिचारिकांची शाळा निघाली. त्याच वर्षीं लंडनास भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र-परिषदेपुढें त्यांची एक योजना आली : सर्व इस्पितळांनीं एकाच नमुन्याची वही ठेवावी, रोगांचीं नांवें सर्वत्र एकच असावींत, व रोगी किती आले, किती बरे होऊन गेले, किती मेले, हें एकाच पद्धतीनें लिहावें. एक इस्पितळ पायलीनें मोजतें व दुसरें शेरानें, तर दोहोंची तुलना कशी करावी ? योजना सर्वत्र रुजली नाहीं. पण तींतील विचार पुढें जगानें स्वीकारला.

आपल्या देशाशींही ह्या नोंदवहीचा संबंध आला. १८५९ सालीं हिंदुस्थानांतील सैन्याच्या आरोग्याच्या चौकशीसाठीं शाही मंडळ नेमलें गेलें. बाई तोंवर आजारानें खिळलेल्या होत्या, व त्या ह्या देशांत कधींच आल्या नाहींत. त्यांनीं प्रश्नांचे छापील कागद येथील लष्करी ठाण्यांकडे पाठविले : पाणी कोठून येतें, गटारें कशीं आहेत, शिपाई कशानें मरतात. उत्तरांचे ढीग त्यांनीं अंथरुणावर पडून वाचले. १८६३ सालीं दोन हजारांहून अधिक पृष्ठांचा अहवाल निघाला. त्यावरून दिसलें कीं, येथील गोऱ्या शिपायांत वर्षास हजारीं ६९ मरत होते. दहा वर्षांनीं हा आंकडा १८ वर आल्याचें बाईंनीं लिहिलें. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, भोंवतालची खेडीं रोगट असतां छावणी निरोगी राहणार नाहीं. मग त्या रयतेच्या दुष्काळाविषयीं, कर्जाविषयीं, पाटबंधाऱ्यांविषयीं लिहूं लागल्या. १८८९ सालीं मुंबई इलाख्यांत ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला; ह्या विषयांत त्यांचें लक्ष होतें, व पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहारही झाला.

बाईंच्या चुका झाल्या नाहींत असें नव्हे. रोग दुर्गंधीच्या हवेनें होतो असें त्या पुष्कळ वर्षें मानीत, व रोगजंतूंचें मत त्यांनीं उशिरां पत्करलें. परंतु नोंदी खऱ्या असल्यामुळें उपाय बहुधा बरोबर निघाला. समजूत चुकली तरी खरी नोंद मनुष्यास वाटेवर आणते. नोंदच खोटी असेल तर शहाण्याचाही पाय घसरतो.

१९०७ सालीं ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांस मिळाला; तो मिळविणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांनीं लंडन येथें देह ठेविला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें पुरण्याचा मान आप्तांनीं नाकारला, व ईस्ट वेलो ह्या खेड्यांतील देवळाच्या आवारांत, आईबापांशेजारीं त्यांस माती दिली.

आज त्यांच्या वहीची जागा पुष्कळ इस्पितळांत संगणकानें घेतली आहे, व परिचर्या आणि माहिती ह्यांची सांगड घालणारें एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे. अमेरिकेंतील परिचारिका-संघानें १९९२ सालीं त्यास विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. त्याचीं मूळतत्त्वें साधीं आहेत. रोग्याचा ताप १०२ आहे, ही नोंद. चार दिवस रोज संध्याकाळीं तो चढतो, ही माहिती. असा ताप अमक्या रोगाचें लक्षण असूं शकतो, हें ज्ञान. आणि ह्या रोग्याच्या घरीं एकच विहीर आहे व तिच्याशेजारीं गटार आहे, तेव्हां औषधाबरोबर विहिरीचीही व्यवस्था पाहिली पाहिजे, हें शहाणपण. ह्या कामांत कोणी खाटेजवळ नोंद करते; कोणी नोंदींस एक नांव व एक माप लावून देते; कोणी त्या जुळवून अर्थ काढते; आणि यंत्र बनविणाऱ्यांस परिचारिकेची खरी गरज काय, हें समजावून देणाऱ्याही परिचारिका असतात. नाइटिंगेलबाईंनीं हीं सारीं कामें एका अंथरुणावरून केलीं.

परंतु ह्या साखळीची पहिली कडी खाटेजवळ आहे. लंडनांत बसलेल्या बाईंस हिंदुस्थान दिसला तो दूरच्या ठाण्यांतील कोणा कारकुनानें भरलेल्या कागदांतून. आपल्या खेड्यांत आज नर्सबाई किंवा आशाताई दारोदार वही घेऊन येते, तेव्हां घाईनें कांहींतरी सांगून तिला वाटेस लावूं नये. तान्हें मूल गेलें, तर कशानें गेलें, किती दिवस हगवण होती, पाणी कोठलें प्यालें, हें आठवून सांगावें. आमचे प्रचारक बंधु मंडळीच्या वहींत पुरल्याची तारीख लिहितात. गांवच्या मृत्युनोंदणींतही तें नांव चढलें कीं नाहीं, एवढें त्यांनीं त्याच दिवशीं पाहावें. ज्या मृत्यूची नोंद झाली, त्याच्यापासून पुढील मूल वांचविण्याचा मार्ग कोणास तरी सांपडूं शकतो.