रोमच्या वारशातून सिंधुसंस्कृतीकडे : फादर हेन्री हेरास

पाश्चात्त्य जग म्हणजे ग्रीस व रोमचे वारसदार आणि पौर्वात्य जग त्याहून सर्वस्वी निराळे, ही विभागणी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती मान्य नसलेले एक विद्वान धर्मगुरू मुंबईत धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात तीन दशकांहून अधिक काळ कार्यरत होते. ते म्हणजे येशूसंघीय फादर हेन्री हेरास.

फादर हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. सम्राट ऑगस्टसच्या काळातील ‘बार्सिनो’ ही रोमन वसाहत म्हणजेच आजचे बार्सिलोना. १९०४ मध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. लॅटिन भाषा हा तेव्हाच्या येशूसंघीय शिक्षणाचा पाया होता. अशा रीतीने रोमचा वारसा त्यांना जन्मभूमीकडून आणि शिक्षणातूनही लाभला.

१९२२ मध्ये ते मुंबईत आले. ज्या भारतीय इतिहासाची त्यांना काहीच माहिती नव्हती, तोच शिकून शिकवण्याचा त्यांनी निर्धार केला, अशी त्यांची आठवण सांगितली जाते. १९२६ मध्ये त्यांनी कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. विजयनगरच्या अरविडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे मोहेंजोदडोच्या मुद्रांनी त्यांना झपाटले. सिंधुसंस्कृतीचे लोक द्राविडी भाषक होते व त्यांची संस्कृती भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचली, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. त्यावरील ग्रंथाचा पहिला खंड १९५३ मध्ये निघाला. म्हणजे रोमच्या उदयापूर्वीच्या भूमध्य जगाचे मूळ ते भारतात शोधत होते.

हा सिद्धान्त आज विद्वान स्वीकारत नाहीत आणि सिंधू लिपीही सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. तथापि, ‘मीन’ या द्राविडी शब्दाचे मासा व तारा असे दोन्ही अर्थ होतात, या आधारे मुद्रांवरील मत्स्यचिन्हाचा त्यांनी सुचवलेला अर्थ पुढील संशोधकांनी गांभीर्याने घेतला.

त्यांचे उत्तर टिकले नाही, तरी त्यांचा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. रोमन लिपी एट्रुस्कन लोकांमार्फत ग्रीकांकडून आली आणि ग्रीकांनी ती फिनिशियनांकडून, म्हणजे आशियातून घेतली. ख्रिस्ती श्रद्धादेखील रोमला पॅलेस्टाईनमधूनच पोहोचली. तरीही येथील ख्रिस्ती माणसाला आपला धर्म पाश्चात्त्य असल्याचे अनेकदा ऐकून घ्यावे लागते. फादर हेरास यांनी पवित्र मरियेला भारतीय वेशात रंगवणारे गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांना भक्कम पाठिंबा दिला, तो याच जाणिवेतून, असे आम्ही मानतो.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. १९८१ मध्ये भारत सरकारने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. त्यांनी स्थापन केलेली संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या तरुण अभ्यासकांनी तिचा अवश्य लाभ घ्यावा.