बिनतारी लहरींचे उपासक

आज मनुष्य रस्त्याने चालता चालता दूरदेशीच्या आप्तांशी बोलतो. त्याच्या हातातील मोबाइलला कोणतीही तार जोडलेली नसते. त्याचे शब्द वाहून नेतात त्या विद्युत्-चुंबकीय लहरी. त्या डोळ्यांना दिसत नाहीत व कानांना ऐकू येत नाहीत. साधनांची वानवा असताना कलकत्त्यात बसून या लहरींचा ज्यांनी सखोल अभ्यास केला, ते शास्त्रज्ञ म्हणजे जगदीशचंद्र बसू.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. प्रतिष्ठित घरांतील मुले त्या काळी इंग्रजी शाळेत जात. परंतु भगवानचंद्रांनी आपल्या मुलाला प्रथम बंगाली शाळेत घातले. तेथे कोळ्यांची व चपराशांची मुले त्याच्या शेजारी बसत. त्यांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टी ऐकताना बाल जगदीशच्या मनात निसर्गाविषयी कुतूहल जागे झाले.

कलकत्ता व केंब्रिज येथील शिक्षण संपवून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या वेळी हिंदी प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाहून कमी वेतन देण्याचा रिवाज होता. हा अन्याय जगदीशचंद्रांना सहन झाला नाही. त्यांनी अध्यापनात तिळमात्र कसूर केली नाही. मात्र तीन वर्षे वेतनास हात लावला नाही. घरावर कर्जाचा बोजा होता, तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. अखेर अधिकाऱ्यांना त्यांची योग्यता मान्य करावी लागली. मागील तीन वर्षांचे पूर्ण वेतन त्यांच्या हाती आले, आणि त्यातून त्यांनी वडिलांचे ऋण फेडले.

जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्‌झ यांनी १८८८ च्या सुमारास विद्युत्-चुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध केले होते. प्रकाशाप्रमाणे या लहरीही परावर्तित होतात व वाकतात काय, हे जगदीशचंद्रांना बारकाईने तपासावयाचे होते. लांब लहरींसाठी अवाढव्य उपकरणे लागतात. म्हणून त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. कॉलेजात सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, एका साध्या पत्रेकारागिराच्या मदतीने, त्यांनी मेजावर मावतील अशी उपकरणे घडविली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी प्रयोग करून दाखविला. लहरी भिंती भेदून पलीकडे गेल्या. तेथील घंटा वाजली आणि दारूचा स्फोट झाला. मध्ये तार मात्र कोठेच नव्हती! १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येही त्यांनी आपली उपकरणे विद्वानांपुढे मांडली.

बिनतारी संदेशाच्या शोधात अपार धन दडलेले आहे, हे युरोपातील व्यापाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते. १९०१ मध्ये लंडनमध्ये एका कंपनीच्या मालकाने जगदीशचंद्रांच्या शोधाचे पेटंट घेऊन नफा वाटून घेण्याची तयारी दाखविली. जगदीशचंद्रांनी नकार दिला. ज्ञान हे सर्वांचे असते, त्याचा बाजार मांडू नये, अशी त्यांची श्रद्धा होती. स्नेह्यांच्या आग्रहास्तव त्यांनी लहरी टिपणाऱ्या आपल्या एका उपकरणासाठी अमेरिकेत अर्ज केला, आणि १९०४ मध्ये ते पेटंट मंजूरही झाले. परंतु त्यातून त्यांनी द्रव्य मिळविले नाही.

पुढे त्यांनी वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास आरंभिला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था स्थापन केली. १९२० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आखूड लहरींचे काय झाले? समुद्रापार संदेश धाडण्यासाठी मार्कोनी आदी संशोधकांनी लांब लहरी वापरल्या. आखूड लहरी फार दूर जात नाहीत, म्हणून संदेशवहनाच्या कामी त्या बराच काळ मागे पडल्या. परंतु मोबाइलची संख्या कोट्यवधींच्या घरात गेली, तसतशी लांब लहरींच्या वाटांवर गर्दी झाली. तेव्हा अभियंत्यांचे लक्ष पुन्हा मिलिमीटर लहरींकडे वळले. त्यांच्या साह्याने थोड्या वेळात विपुल माहिती पाठविता येते. पाचव्या पिढीच्या मोबाइल जाळ्यांत काही ठिकाणी अशा लहरी योजिल्या जातात.

जगदीशचंद्रांनी दोनदा धन दूर सारले : एकदा स्वाभिमानासाठी, एकदा ज्ञानासाठी. नाकारलेले वेतन त्यांना तीन वर्षांनी मिळाले. त्यांच्या लहरींचे मोल कळण्यास मात्र जगाला शंभर वर्षांच्या आसपास काळ लागला.