वाटेतल्या बेटावरचे सहा महिने



आपल्या छत्रपती संभाजीनगरात संत फ्रान्सिस म्हटले की कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स आठवतात. आज मात्र आपण संत फ्रान्सिस झेवियर यांची आठवण करू या. त्यांचा सण ३ डिसेंबरला येतो.

त्यांचा जन्म १५०६ साली नवारा प्रांतातील झेवियर येथे झाला. येशूसंघाच्या पहिल्या सोबत्यांपैकी ते एक. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या ३५व्या वाढदिवशी, ते लिस्बनहून शिडाच्या जहाजाने भारताकडे निघाले. दिमतीला देऊ केलेला नोकर त्यांनी नाकारला. आपले कपडे ते स्वतःच धूत. पुढे वारा पडला, प्रवास रेंगाळला आणि भारताकडे नेणारे मोसमी वारे चुकले. सुमारे पाच महिन्यांनी जहाजे आफ्रिकेच्या पूर्वेकडील मोझांबिक बेटाला लागली. नव्या वाऱ्याची वाट पाहत तिथेच थांबणे भाग होते.

बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब. एका टोकाला १५२२ साली बांधलेले मरियामातेचे छोटे चॅपेल. ते आजही उभे आहे. फ्रान्सिस यांनी मात्र ते गाव पाहिले ते इस्पितळातून. जहाजांवरचे आजारी लोक तिथे आणले होते. ते व त्यांचे दोन सोबती इस्पितळातच राहिले. रुग्णांची शुश्रूषा, पापनिवेदन ऐकणे, मरणाऱ्यांजवळ बसणे आणि रविवारी प्रवचन, असा त्यांचा दिनक्रम होता. कित्येक जण दगावले. शेवटी फ्रान्सिसही तापाने अंथरुणाला खिळले, पण त्यातून बचावले.

१५४२ च्या आरंभी गव्हर्नरने त्यांना सोबत घेतले. रुग्णांना सोडवेना म्हणून दोघा सोबत्यांना त्यांनी मागे ठेवले. वाटेत सोकोत्रा बेटावर त्यांना संत थोमाचा वारसा सांगणारे ख्रिस्ती लोक भेटले. तिथेच राहण्याची त्यांची इच्छा होती, पण गव्हर्नरने परवानगी दिली नाही. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले.

दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनजवळच्या सांच्यान बेटावर त्यांना मरण आले. तेव्हाही ते पुढच्या जहाजाची वाटच पाहत होते.

बंधुभगिनींनो, आपल्यालाही अनेकदा थांबावे लागते. कधी नोकरी मिळत नाही, कधी घरच्या आजारपणात महिने जातात. अशा वेळी आपण दिवस मोजत बसतो. फ्रान्सिस यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिले. घाटीत आपला माणूस दाखल असेल, तर बाजूच्या खाटेवर खेड्यातून आलेला, कोणी भेटायला न येणारा एखादा रुग्णही असतो. या आठवड्यात त्याचीही विचारपूस करू या.