संगमाकाठची दुर्बीण

संगम पुलावरून शिवाजीनगरकडे येताना इंजिनिअरिंग कॉलेजच्या जुन्या दगडी इमारती दिसतात. पुणेकरांना इथला बोट क्लब ठाऊक आहे, रेगाटा ठाऊक आहे आणि इथे प्रवेश मिळावा म्हणून मुलांनी जाळलेल्या रात्रीही ठाऊक आहेत. मात्र पुढे अनेक दशके देशातली सर्वांत मोठी ठरलेली दुर्बीण याच आवारात होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे एक पारशी प्राध्यापक तिच्यापाशी रात्री जागवत असत, हे फारच थोड्यांना माहीत असते.

नायगमवालांचा जन्म १८५७ सालचा. मुंबईत भौतिक आणि रसायनशास्त्र घेऊन ते एम.ए. झाले आणि १८८२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. ही रक्कम वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी होती. उपकरणे आणायला नायगमवाला विलायतेला गेले. तिथल्या जाणकारांचा सल्ला घेतल्यावर प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी, असा बेत ठरला. मुंबईपेक्षा पुण्याची हवा त्यासाठी बरी. म्हणून १८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली, आणि १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली.

तो काळ खगोलशास्त्रात मोठ्या गोंधळाचा होता. १८८५ च्याच ऑगस्टमध्ये देवयानी तेजोमेघात अचानक एक नवा तारा उजळला आणि काही महिन्यांत विझला. आज आपण त्याला ताऱ्याचा स्फोट म्हणतो. तेव्हा हे नवतारे कुठून येतात, हे कोणालाच उमगत नव्हते. इंग्लंडच्या नॉर्मन लॉकियर यांनी एक उत्तर मांडले. आकाशातले तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, त्या एकमेकींवर आदळतात म्हणून तेजोमेघ चमकतात, आणि दोन थव्यांची टक्कर झाली की नवतारा पेटतो. लॉकियर म्हणजे सूर्यात हेलियम ओळखणारे, ‘नेचर’ हे नियतकालिक सुरू करणारे. त्यांच्या शब्दाला केवढे वजन असेल, याची कल्पना करावी.

त्यांचा मोठा पुरावा होता तेजोमेघाच्या वर्णपटातली एक हिरवी रेषा. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठराविक रंगांच्या रेषा देते, जशी माणसाच्या बोटांच्या ठशांची ओळख. ही हिरवी रेषा उल्कांतल्या मॅग्नेशियमची, असे लॉकियर म्हणत. तसे असते तर तिची एक कड स्वच्छ दिसली असती आणि दुसरी बाजू धुरकट विरत गेली असती.

१८९१ मध्ये नायगमवालांनी मृग नक्षत्राच्या तेजोमेघावर दुर्बीण रोखली. वर्णपटमापक परोपरीने लावून त्यांनी ती रेषा तपासली. दर वेळी ती दोन्ही बाजूंनी रेखीवच दिसली. धुरकटपणाचा मागमूसही नव्हता. ते निरीक्षण लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. अमेरिकेत कीलर यांनीही मोजमापे घेऊन मॅग्नेशियमच्या विरुद्धच कौल दिला. वसाहतीतल्या एका कॉलेजचा प्राध्यापक साम्राज्याच्या राजधानीतल्या दिग्गजाला विनम्रपणे, पण पुराव्यानिशी चूक दाखवतो, याचे मोल मला त्या रेषेइतकेच वाटते.

मग आला २२ जानेवारी १८९८. पुणे तेव्हा प्लेगने पोळलेले, रँडच्या वधाला उणेपुरे सात महिने झालेले, लोकमान्य तुरुंगात. अशा दिवसांत नायगमवाला सूर्यग्रहणाच्या खग्रास पट्ट्यात, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ ठोकून बसले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच होते, आणि लॉकियर कोकणात विजयदुर्गावर. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्यासाठी महिनोन्‌महिने तयारी. पुढे १९०२ मध्ये नायगमवालांचा सविस्तर अहवाल छापला गेला.

माझी नोकरी बँकेत गेली. मॅनेजर निवृत्त होतो, त्या दिवशी तिजोरीच्या किल्ल्या मोजून दिल्या जातात, चार्ज देणारा आणि घेणारा दोघेही सह्या करतात, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता शाखा उघडते. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा वेधशाळाच बंद झाली. वर्षभर आधी कॉलेज ऑफ सायन्सचे नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले होते. उपकरणे कोडाईकॅनॉलच्या सरकारी वेधशाळेत रवाना झाली. सुमारे पाव शतक एका माणसाच्या जिवावर चाललेले काम त्याच्याबरोबरच उठले. दोष एकाचा नव्हे. राजाने पैसा दिला, सरकारने जागा दिली, एका माणसाने आयुष्य दिले, पण त्याच्यामागून कोण, हा प्रश्न काही सुटला नाही.

ती हिरवी रेषा मात्र कामी आली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या बोवेन यांनी ती ऑक्सिजनची असल्याचे सिद्ध केले. अतिविरळ अवस्थेतला, पृथ्वीवर प्रयोगशाळेत सहसा न दिसणारा ऑक्सिजन. नायगमवाला तेव्हा सत्तरीचे होते. १९३८ मध्ये ते गेले. त्यांची दुर्बीण बरीच वर्षे पडून राहिली आणि १९५१ मध्ये कोडाईकॅनॉलला पुन्हा उभी राहिली. पुढे नव्या वेधशाळेसाठी जागा शोधायला तिला लडाखपर्यंत नेण्यात आले. आज लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीतून फुटणाऱ्या ताऱ्यांचे वर्णपट घेतले जातात.

आणि पुणे? १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ची स्थापना झाली. तिथे संचालक निवृत्त होतात, नवे येतात, काम चालू राहते. संगम पुलावरून जाताना मला वाटते, नायगमवालांचा चार्ज पुण्याने घेतला खरा, फक्त सही करायला पाऊणशे वर्षे लागली.