नाना फडणवीस : राज्याचा हिशेब ठेवणाऱ्याचं घर लुटलं गेलं तेव्हा

वडगाव मावळ : लोहगडावर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागल्यापासून तर गडाचं नाव आणखीच दूर गेलं. पण पेशवाईतल्या सगळ्यात हुशार कारभाऱ्याची शेवटची ठेव आणि त्याची कोवळ्या वयाची विधवा याच गडाच्या आसऱ्याला होती, हे वर चढणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं.

तो कारभारी म्हणजे नाना फडणवीस. मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणं कोकणातल्या वेळासचं, जन्म साताऱ्याचा, १२ फेब्रुवारी १७४२ चा. फडणीस म्हणजे राज्याच्या जमाखर्चाच्या कचेरीचा प्रमुख. कोणत्या परगण्यातून किती वसूल आला, कोणत्या सरदाराचं देणं किती, सगळं त्याच्या दप्तरी. वडील वारले तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते. एकोणिसाव्या वर्षी पानिपत पाहिलं. तिथून जीव वाचवून परत आले, आई मात्र तिकडेच गेली.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि कारभाऱ्यांनी एकत्र येऊन राघोबादादांना बाजूला सारलं. तेच बारभाईंचं कारस्थान. नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावानं कारभार सुरू झाला, आणि हळूहळू सगळी सूत्रं नानांच्या हाती आली. आपल्या मावळाशी त्यांचा संबंध इथंच येतो. राघोबांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रज फौज घाट चढून तळेगावापर्यंत आली, तर गाव जाळून मोकळं केलेलं. दाणा नाही, चारा नाही. वेळ आली असती तर चिंचवड आणि पुणंही जाळायची तयारी होती. इंग्रज मागे फिरले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावात अडकून तह करून सुटले. रणात महादजी शिंदे होते, मागची मसलत नानांची.

नाना साधे-भोळे होते असं मात्र कुणी म्हणू नये. स्वतःचा चुलतभाऊ मोरोबा विरोधात गेला, तेव्हा १७७८ मध्ये त्याला धरून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. सखाराम बापू बोकील हे बारभाईंतले ज्येष्ठ मुत्सद्दी. त्यांनाही कैद झाली, आणि एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर नेता नेता ते रायगडावर वारले. कैदेची वाट नानांना चांगली माहीत होती, फक्त आतापर्यंत त्या वाटेनं दुसरे जात होते.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. गादीवर कोण, यावरून वर्षभर गोंधळ चालला. नानांना पुणं सोडून महाडपर्यंत जावं लागलं, तिथून डाव फिरवून ते परत आले. डिसेंबर १७९६ मध्ये राघोबांचे चिरंजीव दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि नाना कारभारी. पण बाजीरावांना नाना नकोसे होते, आणि दौलतराव शिंद्यांना पैसा हवा होता. महादजींनी ज्या नानांबरोबर इंग्रज हरवला, त्याच नानांच्या मागे महादजींचा वारस लागला.

३१ डिसेंबर १७९७. नाना दौलतरावांच्या भेटीला त्यांच्या छावणीत गेले. शिंद्यांच्या नोकरीतला इटालियन सरदार मायकेल फिलोस यानं सुरक्षिततेचा शब्द दिला होता. छावणीत पोचताच त्याच फिलोसनं त्यांना धरलं. बरोबरची हजारभर माणसं होती, त्यांच्या अंगावरचं काढून घेतलं, काही मारली, काही जायबंदी केली. त्याच वेळी बाजीरावांनी नानांच्या बाजूच्या कारभाऱ्यांना कामाच्या निमित्तानं वाड्यात बोलावून अडकवून ठेवलं. दोन्हीकडचा बेत आधीच ठरलेला होता.

मग शिंद्यांचे कारभारी सर्जेराव घाटगे, कागलकर, यांची माणसं शहरात शिरली. आज जप्ती म्हटलं की नोटीस, पंचनामा, सील आठवतं. त्या दिवशी तसलं काही नव्हतं. नानांचा वाडा लुटला, त्यांच्या माणसांची घरं एकामागून एक लुटली. वाटा रोखून धरल्या. काही घरांतल्या माणसांनी दारं लावून माडीवरून बंदुका चालवल्या. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, तरी गोळीबार थांबला नव्हता. परक्या शत्रूनं जिंकून घ्यावं तशी पुण्याची अवस्था झाली. नानांना नेलं अहमदनगरच्या किल्ल्यात, जिथं त्यांनी मोरोबाला ठेवलं होतं.

एवढ्यानं भागेल असं बाजीरावांना वाटलं असावं. पण शिंद्यांना कबूल केलेल्या दोन कोटींचं काय? ती रक्कम पुण्यातल्या पैसेवाल्यांकडून वसूल करा, अशी मोकळीक घाटग्यांना मिळाली. सावकार, व्यापारी, जुने अंमलदार, सगळे घरातून ओढून आणले गेले. पैसा कुठं पुरलाय हे सांगेपर्यंत मारहाण आणि छळ. नानांचे नातलग गंगाधरपंत भानू यांना तापवलेल्या तोफेवर बांधलं, त्यात ते गेले. एका कारभाऱ्यावरचा राग काढायला निघालेल्यांनी पेठाच्या पेठा सोलून काढल्या.

शेवटी शिंद्यांनाच नानांची गरज लागली. जुलै १७९८ मध्ये दहा लाख रुपये घेऊन त्यांना सोडलं. बाजीरावांनीही गोड बोलून पुन्हा कारभार दिला, नानांनी तो घेतलाही. का घेतला, याचं नवल वाटतं. जवळ शेतीवाडी होती, वाईजवळ मेणवलीला सुंदर वाडा आणि घाट होता. गप्प बसून दिवस काढता आले असते. पण अख्खा जन्म दप्तरात गेलेला माणूस. १३ मार्च १८०० ला पुण्यात ते वारले.

माणूस गेला तरी मालमत्तेवरचा डोळा गेला नाही. शिंदे म्हणत आमचं येणं आहे, बाजीराव म्हणत सरकारचं आहे. नानांच्या माणसांना फसवून धरलं आणि किल्ल्यांवर पाठवलं.

तेव्हा कामी आला तो लोहगड. तिथले किल्लेदार धोंडो बल्लाळ नित्सुरे नानांचे शब्दाचे पक्के. गडावरची सोळा कोनी बाव नानांनी यांच्याच देखरेखीखाली बांधवलेली, १७८९ ची. शेवटच्या काळात नानांनी आपली ठेव इथं हलवली होती, आणि त्यांची विधवा जिऊबाईही नित्सुऱ्यांच्या आसऱ्याला आली. नानांना मूलबाळ राहिलं नव्हतं. बाजीरावांना गड हवा होता, नित्सुरे देईनात.

इकडे पुण्यात होळकर चालून आले, बाजीराव पळाले आणि वसईला इंग्रजांशी तह करून बसले. तारीख ३१ डिसेंबर १८०२. नानांना धरलं त्याला बरोबर पाच वर्षं झाली होती. ज्या इंग्रजांना नानांनी वडगावातून माघारी पाठवलं, त्यांच्याच पलटणी आता बाजीरावांना पुण्यात घेऊन आल्या.

लोहगडाचा वादही मग इंग्रज सेनापती वेलस्लीनं मिटवला. जिऊबाईंना वर्षाला बारा हजार रुपये आणि इंग्रजांच्या हमीखाली पनवेलला राहायची मुभा मिळाली. ज्या घाटानं १७७८ ला इंग्रज वर चढले होते, त्याच बाजूनं त्या खाली उतरल्या.