सीमारेषेबाहेरचा माणूस : कर्नल हेमू अधिकारी



क्रिकेटचा विषय निघाला की आपल्याकडे धावा करणाऱ्यांची आणि बळी घेणाऱ्यांची नावे भराभर सांगितली जातात. संघाचा मॅनेजर कोण होता, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. या रविवारी आम्ही अशाच एका माणसाची ओळख करून देत आहोत. आधी खेळाडू, मग कर्णधार आणि शेवटी मॅनेजर अशा तिन्ही भूमिका त्यांनी पार पाडल्या. हिंदुस्थानच्या क्रिकेटमधला एक मोठा आनंदाचा दिवस आणि एक मोठा लाजिरवाणा दिवस, दोन्ही त्यांच्याच वाट्याला आले.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म १९१९ साली पुण्यात झाला. त्यांचे क्रिकेट मात्र बडोद्यात घडले. १९३६-३७ च्या हंगामात, वयाच्या सतराव्या वर्षी, ते पहिला रणजी सामना खेळले. पुढे दुसरे महायुद्ध आले. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत आपला देश एकही कसोटी सामना खेळला नाही. फलंदाजाच्या उमेदीची वर्षे अशी निघून गेली. अधिकारी सैन्यात दाखल झाले आणि पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. ती कसोटी १९४७ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात झाली आणि समोर ब्रॅडमनचा संघ होता.

त्याच दौऱ्यात, १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला, आपल्याच सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी दोन्ही डावांत शतके काढली. हजारे ख्रिस्ती कुटुंबातले, म्हणून आपल्या समाजात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. पण दुसऱ्या डावात हजारेंच्या समोर कोण उभे होते, हे फारसे सांगितले जात नाही. लिंडवॉलच्या वेगापुढे एकेक गडी बाद होत असताना अधिकारी त्यांच्या साथीला टिकून राहिले. संघाच्या २७७ धावांपैकी १४५ हजारेंच्या होत्या आणि ५१ अधिकारींच्या. सामना आपण हरलो. तरी त्या शतकामागे दुसऱ्या टोकाचा हा आधार होता.

दुसऱ्याला साथ देणे हा जणू त्यांचा स्वभावच होता. १९५२ च्या ऑक्टोबरात दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध आपली पहिलीच कसोटी झाली. ९ बाद २६३ अशा अवस्थेत शेवटचा फलंदाज गुलाम अहमद मैदानात आला. तेथून दोघांनी १०९ धावांची भर घातली. गुलाम अहमद ५० धावा करून बाद झाले आणि अधिकारी ८१ वर नाबाद राहिले. शेवटच्या जोडीचा हा भारतीय विक्रम बावन्न वर्षे टिकला. तो २००४ साली मोडला, तेव्हा अधिकारींना जाऊन एक वर्ष झाले होते.

कर्णधारपद त्यांना मिळाले ते पडत्या काळात. १९५८-५९ साली वेस्ट इंडिजचा संघ इकडे आला होता. निवडीवरून इतके वाद झाले की पाच कसोटींत चार कर्णधार झाले. पॉली उम्रीगर, गुलाम अहमद आणि विनू मांकड यांच्यानंतर दिल्लीच्या शेवटच्या सामन्यासाठी अधिकारींना बोलावणे आले. मालिका आधीच हातची गेली होती आणि त्यांचे वय चाळिशीला टेकले होते. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या. आपल्या कसोटी आयुष्यातले सगळे म्हणजे तीनच बळी त्यांनी त्या सामन्यात घेतले. पुण्याचे तरुण चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ धावा काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. अधिकारींचा हा शेवटचा कसोटी सामना. एकवीस कसोटींत ८७२ धावा आणि एक शतक, एवढा त्यांचा हिशेब. पहिल्या पंक्तीतल्या फलंदाजांत कोणी त्यांना बसवणार नाही.

सेनादलाच्या संघात मात्र त्यांचे वेगळे गुण दिसले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. मोठ्या नावांवाचून केवळ शिस्त आणि सराव यांच्या बळावर संघ कुठवर जातो, हे त्यांनी तेथे पाहिले. ते स्वतः उत्तम क्षेत्ररक्षक होते. फलंदाजी हे देणे असेल, पण चेंडूमागे धावणे हे कुणालाही शिकता येते, असा त्यांचा विश्वास होता.

हाच विश्वास घेऊन ते १९७१ साली मॅनेजर म्हणून इंग्लंडला गेले. त्या काळी संघासोबत वेगळा प्रशिक्षक नसे. व्यवस्था, शिस्त आणि सराव यांची जबाबदारी मॅनेजरवरच येई. अधिकारींनी खेळाडूंकडून क्षेत्ररक्षणाचा कसून सराव करून घेतला. आपल्याकडे बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन असे फिरकी गोलंदाज होते. पण बॅटजवळ झेल घेणारे हात नसतील तर फिरकी वाया जाते. एकनाथ सोलकर यांच्यासारख्यांनी ते झेल घेतले.

पहिल्या दोन कसोटी अनिर्णित राहिल्या. ओव्हलच्या तिसऱ्या सामन्यात पहिल्या डावात आपण ७१ धावांनी मागे होतो. मग चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. शेवटच्या सकाळी कर्णधार अजित वाडेकर लगेच धावबाद झाले. तरीही २४ ऑगस्ट १९७१ रोजी चार गडी राखून आपण जिंकलो. इंग्लंडच्या भूमीवरचा आपला हा पहिलाच कसोटी विजय. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती आणि मैदानावर एक हत्तीणही आणली होती. छायाचित्रे निघाली ती वाडेकर आणि चंद्रशेखर यांची. मॅनेजर कडेला होता.

तीन वर्षांनी, १९७४ साली, पुन्हा इंग्लंडचा दौरा होता. कर्णधार वाडेकरच होते आणि मॅनेजर अधिकारीच. शिस्तीबद्दलची त्यांची कळकळही पूर्वीचीच होती. पण हवा थंड आणि ओली होती, चेंडू वळत नव्हता आणि संघात बेबनाव असल्याच्या बातम्या येत होत्या. लॉर्ड्सवर आपला दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत संपला. मालिका तीन-शून्य अशी गेली. विजयाची आठवण म्हणून इंदूरला उभारलेली बॅट संतापलेल्या लोकांनी विद्रूप केली. वाडेकर निवृत्त झाले.

येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. माणूस एकच, मग १९७१ चा मॅनेजर शहाणा आणि १९७४ चा अडाणी, असे कसे म्हणावे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला कारण आणि पूर्वअट यांतला फरक शिकवला जाई. दिवा लागतो तो ठिणगीने. पण वात आणि तेल कुणीतरी आधी भरून ठेवलेले असते. तेल भरणारा ज्योत निर्माण करत नाही आणि वाऱ्याने ज्योत विझली तर तो दोषही त्याचा नव्हे. मात्र तेलच नसेल तर ठिणगी पडून उपयोग काय? मॅनेजरचे काम असे तेल भरण्याचे असते. निकालावरून ते मोजायला गेलो की मोजमाप चुकते.

अधिकारी खचून घरी बसले नाहीत. निवृत्तीनंतर ते तरुण खेळाडूंची शिबिरे घेत राहिले. कपिल देव आणि रवी शास्त्री यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७४ साली ज्यांच्यावर लोकांनी राग काढला, तेच अजित वाडेकर १९९२ ते १९९६ या काळात स्वतः भारतीय संघाचे मॅनेजर झाले आणि १९९३ साली मायदेशी आपण इंग्लंडला तीन-शून्य असे हरवले. खेळाडूने पुढे दुसऱ्यांना खेळवायचे, ही वाट त्यांच्या आधी अधिकारी चालून गेले होते.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत कर्नल अधिकारी यांचे निधन झाले.

आपल्या घरांतही असे अधिकारी असतात. पहाटे उठून मुलाचा डबा भरणारी आई असते, शाळा सुटल्यावर गणित समजावत थांबणारे गुरुजी असतात, गायकवृंदाला सूर सापडेपर्यंत पेटीवर बसून राहणारी एखादी ताई असते. मुलगा पहिला आला की टाळ्या मुलाला मिळतात. तो नापास झाला की बोट आईकडे आणि गुरुजींकडे वळते. या महिन्यात निकाल हाती येतील. निकाल कसाही असो, गुणपत्रिका पाहण्याआधी वर्षभर ज्यांनी तेल भरले, त्यांच्याकडे आपण एकदा पाहावे, एवढीच विनंती.

आपला,
धर्मगुरू