पंडिता रमाबाई आणि शास्त्राचा काटा

लोणंदच्या बाजारात कांद्याचे पोते आले म्हणजे ते काट्यावर चढते. पोते किती भरेल याविषयी शेतकऱ्याचा एक अंदाज असतो, आडत्याचा दुसरा, हमालाचा तिसरा. परंतु पैसे मोजले जातात ते काटा सांगेल त्याप्रमाणे. काट्यापुढे शेतकरी लहान नाही व आडत्याही मोठा नाही. बाजारातली ही गोष्ट आम्हां सर्वांस पुरती समजते. धर्माच्या गोष्टीत मात्र आम्ही पुष्कळदा अंदाजावरच पोते उचलतो. एक उपदेशक येऊन सांगतो की आजाऱ्याने औषध घेणे हा अविश्वास होय. दुसरा सांगतो की आमच्याच पंथाचा बाप्तिस्मा खरा, बाकीचे व्यर्थ. तिसरा एखादी जुनी रूढी पुढे करून तिलाच देवाची आज्ञा म्हणतो. खेड्यातील साधा विश्वासी मनुष्य गोंधळून जातो व ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे मानतो. अशा समयी काय करावे, हे शिकण्यास पंडिता रमाबाईंचे चरित्र फार उपयोगी आहे. त्यांचे केडगाव आम्हांस परके नाही. लोणंदहून आगगाडीने पुण्यास जावे व तेथून दौंडच्या मार्गाला लागावे, म्हणजे ते लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी समजूत असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या शिकविली आणि लक्ष्मीबाईंनी ती मुलीस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत असे. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला व त्यात वडील, आई आणि थोरली बहीण ही थोड्याच काळात वारली. मागे राहिलेली रमा व तिचा भाऊ श्रीनिवास ही पायी चालत, उपाशी राहत, १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील शास्त्र्यांनी तिच्या विद्वत्तेची परीक्षा पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात त्यांस कोणी सुचविले की धर्मशास्त्राप्रमाणे स्त्रियांचा धर्म कोणता, यावर आपण व्याख्याने द्यावी. याकरिता त्यांनी ते ग्रंथ स्वतः वाचावयास घेतले. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की पुष्कळ बाबतींत हे ग्रंथ एकमेकांशी जुळत नाहीत, पण स्त्री व शूद्र यांस वेदाचा अधिकार नाही, एवढ्या गोष्टीत मात्र ते जुळतात. लोक सांगतात ते ग्रंथात खरोखर आहे की नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहण्याची सवय त्यांस येथेच लागली. ही सवय त्यांनी पुढे ख्रिस्ती झाल्यावरही सोडली नाही.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली; ती त्यांनी आवडीने वाचली. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. लहानग्या मनोरमेस कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, व एका मिशनरी बाईंजवळ इंग्रजी व नवा करार यांचा अभ्यास आरंभिला. वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या १८८३ साली विलायतेस गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत राहून गेला.

विलायतेत वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनी लंडनजवळ पतित स्त्रियांकरिता आश्रम चालवीत. तो पाहून रमाबाईंस आश्चर्य वाटले, कारण समाजाने टाकलेल्या स्त्रियांस इतक्या मायेने वागविलेले त्यांनी कोठे पाहिले नव्हते. याचे कारण विचारता एका भगिनीने त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. प्रेमाचे मूळ शास्त्रात दिसले, तेव्हा त्यांचे मन वळले. आमचे महाराष्ट्रीय बंधू नेहेम्या गोरे यांच्या लेखांनीही त्यांच्या शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई व मुलगी या दोघींचा बाप्तिस्मा झाला.

आता खरी कसोटी लागली. भगिनींस वाटले की रमाबाई आता इंग्लंडच्या मंडळीच्या झाल्या. यास्तव त्या मंडळीचे सर्व मतांगीकार व विधी त्यांनी नम्रपणे मान्य करावे. रमाबाईंनी ते केले नाही. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहो, एका पंथाच्या प्रत्येक नियमास बांधले गेलो नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अथानासी मतांगीकारातील कठोर शब्द शास्त्रात कोठे आहेत, हे त्यांनी विचारले. मठातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आम्हां हिंदी लोकांस ती कळत नाहीत, त्यांच्या जागी संस्कृत का नसावी, असाही त्यांनी हट्ट धरला. चेल्टनहॅमच्या विद्यालयातून त्यांनी जेराल्डिन भगिनी व मुख्याध्यापिका बीलबाई यांस जी पत्रे लिहिली, त्यांत हा वाद सविस्तर आहे. जेराल्डिन भगिनी या त्यांच्या धर्ममाता. त्यांस हे सर्व गर्वाचे लक्षण वाटले व फार दुःख झाले. तरी त्यांनीच ती पत्रे जपून ठेवली, आणि १९७७ साली ती छापून प्रसिद्ध झाली.

येथे आम्ही वाचकांस एक गोष्ट झाकून ठेवू इच्छीत नाही. त्या काळी रमाबाईंनी जे नाकारले त्यांत त्रैक्य व कुमारीपासून प्रभूचा जन्म याही गोष्टी होत्या, आणि पुढे त्यांचाच त्यांनी मनापासून स्वीकार केला. म्हणजे काटा खरा असला तरी तो वाचणाऱ्याची दृष्टी चुकू शकते. मग परीक्षा करणे सोडावे काय? रमाबाईंनी ते सोडले नाही. त्या शास्त्र वाचीत राहिल्या. ज्या शास्त्राच्या आधारे त्यांनी प्रश्न केले, त्याच शास्त्राने त्यांस पुढे नेले. कोणी त्यांस दटावून गप्प बसविले असते, तर त्या मुखाने होय म्हणाल्या असत्या व अंतःकरणात रित्या राहिल्या असत्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाकरिता त्या अमेरिकेस गेल्या. तेथे हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहून व मित्र जोडून त्या १८८९ साली परतल्या, आणि ११ मार्च रोजी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. कोणावर धर्माची सक्ती करावयाची नाही असे वचन होते. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली आपण होऊन बसू लागल्या, त्यावरून गवगवा झाला. १८९३ साली सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले व पुष्कळ मुली घरी नेल्या गेल्या.

या खटपटीतच, १८९१ च्या सुमारास, काट्यावर चढण्याची पाळी स्वतः रमाबाईंची आली. हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांनी वाचले. हा मनुष्य पाळक असूनही स्वतः पालटलेला नव्हता, व स्वतःच्याच उपदेशाने तो पालटला. ते वाचून रमाबाईंनी शास्त्र पुन्हा उघडले आणि आपणास त्याच्याशी ताडून पाहिले. तेव्हा त्यांस दिसले की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला खरा, पण त्या धर्माचा जो प्रभू तो अद्याप आपला झालेला नाही. बाप्तिस्म्यास आठ वर्षे झालेली, दोन खंडांत नाव गाजलेले. अशा बाईने ही गोष्ट कबूल करावी, पुढे आपल्या साक्षीत लिहावी, हे सोपे नव्हे. दुसऱ्याचे पोते तोलणे कोणासही आवडते. आपले पोते काट्यावर ठेवताना हात कापतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व सुमारे तीनशे मुली व स्त्रिया वाचवून घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ति सदन उभे राहिले. १९०० साली गुजराथच्या दुष्काळातील शेकडो आणखी आल्या. या स्त्रियांस शास्त्र शिकविताना त्यांच्या ध्यानात आले की प्रचलित मराठी भाषांतरातील भारदस्त संस्कृत शब्द त्यांस समजत नाहीत, आणि काही शब्दांना तर जुन्या धर्मातला दुसराच अर्थ चिकटलेला आहे. काटाच ज्यास वाचता येत नाही त्याने तोलावे कसे? यास्तव वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर रमाबाई इब्री व ग्रीक शिकल्या, आणि संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास बसल्या. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे, ही कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. या कामास सुमारे अठरा वर्षे लागली. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी लेखणी थांबली नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी झोपेतच देह ठेवला. ते बायबल १९२४ साली पूर्ण छापून निघाले. एका स्त्रीने एवढे काम पार पाडल्याचे उदाहरण जगात विरळा.

उपदेशक बंधूंनो, या चरित्रात तुम्हांस व आम्हांस तीन गोष्टी दिसतात. रमाबाईंनी शिकविणाऱ्याचे बोलणे शास्त्राशी ताडून पाहिले; नंतर स्वतःस ताडून पाहिले; आणि शेवटी ते माप गरिबांतल्या गरीब स्त्रीच्या हाती देण्याकरिता उरलेले आयुष्य वेचले. बिरुयाचे लोक पौलाचेही बोलणे रोज शास्त्रांत तपासून पाहत, आणि त्याबद्दल लूक त्यांस दोष देत नाही, थोर म्हणतो. मग पुढल्या रविवारी उपासनेनंतर एखाद्या म्हातारीने विचारले की तुम्ही सांगितले ते कोठे लिहिले आहे, तर राग मानू नये. पुस्तक उघडून तिच्यापुढे धरावे. तिला वाचता येत नसेल तर तो भाग सावकाश दोनदा वाचून दाखवावा, आणि तेथे ते सापडलेच नाही तर आपले शब्द मागे घ्यावे.